फील्ड मार्शल केसेलरिंग: आदेशातलं एक वाक्य आणि मृत्युदंड

मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाचे लेफ्टनंट जनरल सेर्गेई कोबिलाश आणि ॲडमिरल व्हिक्टर सोकोलोव्ह यांच्या नावाने अटक वॉरंट काढलं. आरोप होता युक्रेनच्या वीजपुरवठ्यावर केलेल्या क्षेपणास्त्र हल्ल्यांचा. क्षेपणास्त्राचं बटण या दोघांनी स्वतः दाबलं, असं कुणीच म्हणत नाही. अशी बातमी आली की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच: मारलं दुसऱ्यांनी, मग आरोपी मुख्यालयात बसलेला अधिकारी कसा?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर १९४७ सालचा एक खटला पाहावा लागतो. व्हेनिसला लागून असलेल्या मेस्त्रेमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे जर्मनीचा फील्ड मार्शल अल्बर्ट केसेलरिंग उभा होता. त्याने स्वतःच्या हाताने कुणालाही गोळी घातली नव्हती. त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा होता कागदावर, त्याच्या नावाने निघालेल्या आदेशांत.

## तोफखान्यातून हवाई दलात

केसेलरिंगचा जन्म ३० नोव्हेंबर १८८५ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टश्टेफ्ट गावी झाला. १९०४ साली तो बव्हेरियाच्या तोफखान्यात भरती झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीकडे छोटंसं सैन्य उरलं आणि व्हर्सायच्या तहाने हवाई दल ठेवायला बंदी घातली. त्या छोट्या सैन्यात त्याने नाव कमावलं ते हिशेबी, कामसू प्रशासक म्हणून. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लपूनछपून हवाई दल उभं राहू लागलं. त्यासाठी केसेलरिंगला लष्करातून कागदोपत्री निवृत्त करून हवाई खात्यात घेतलं गेलं. धावपट्ट्या, बराकी, कारखाने, पैसा हे सगळं त्याच्याकडे आलं. वयाच्या ४८व्या वर्षी तो विमान चालवायला शिकला.

जून १९३६ मध्ये हवाई दलाचा पहिला प्रमुख सेनाधिकारी वेफर विमान अपघातात मेला आणि त्याची जागा केसेलरिंगला मिळाली. लांब पल्ल्याच्या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाची योजना त्याच्याच काळात बाजूला पडली. तेवढ्याच इंजिनांत आणि ॲल्युमिनियममध्ये दोन इंजिनांची विमानं जास्त संख्येने बनतात, हा त्यामागचा हिशेब होता. ब्रिटनवर आणि पुढे रशियावर हल्ला करताना या हिशेबाची किंमत जर्मनीला मोजावी लागली.

युद्ध सुरू झालं आणि त्याची बढती वेगाने झाली. आधी पोलंड, मग हॉलंड. १४ मे १९४० रोजी त्याच्या हवाई ताफ्याने रॉटरडॅम शहराचा मध्यभाग जाळला, आठशेहून अधिक माणसं मेली. १९ जुलै १९४० रोजी हिटलरने एकाच दिवशी १२ फील्ड मार्शल नेमले, त्यांत केसेलरिंग होता. ब्रिटनवरची हवाई मोहीम फसली तरी त्याचं वजन कमी झालं नाही. १९४१ च्या अखेरीस त्याला भूमध्य समुद्राच्या क्षेत्राचा प्रमुख करून रोमला धाडलं. कायम हसतमुख असल्यामुळे दोस्त राष्ट्रांच्या गोटात त्याला ‘हसरा अल्बर्ट’ म्हणत.

## इटलीत तो इतका यशस्वी का ठरला?

मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजांनी शरणागती पत्करली. अडीच लाखांच्या आसपास सैनिक कैद झाले. जुलैमध्ये दोस्त सिसिलीत उतरले. मात्र ऑगस्टमध्ये, जेमतेम तीन किलोमीटर रुंद मेसिनाच्या सामुद्रधुनीतून, सुमारे ४०,००० जर्मन सैनिक आणि साडेनऊ हजारांवर वाहनं मुख्य भूमीवर सुखरूप निघाली. पुढच्या पावणेदोन वर्षांच्या लढाईला लागणारं सैन्य यातूनच वाचलं.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्तांशी शस्त्रसंधी जाहीर केली. कालचा मित्र एका संध्याकाळीत शत्रू झाला. जर्मनांनी इटालियन सैन्याची शस्त्रं काढून घेतली आणि सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिकांना छावण्यांत नेऊन मजुरीला जुंपलं. पुढचा बेत काय असावा यावर दोन मतं होती. उत्तर इटलीतला जर्मन सेनापती रोमेल याचं म्हणणं होतं की दक्षिण सोडून द्या आणि थेट उत्तरेच्या डोंगरांत मोर्चा बांधा. केसेलरिंग म्हणत होता, रोमच्या दक्षिणेलाच अडवा. हिटलरने नोव्हेंबरमध्ये केसेलरिंगला कौल दिला.

नकाशा पाहिला की त्याचा विचार कळतो. इटली लांबट आणि अरुंद आहे, मधून अपेनाईन पर्वताचा कणा जातो आणि त्यातून निघालेल्या नद्या दोन्ही समुद्रांकडे आडव्या वाहतात. दक्षिणेकडून चढाई करणाऱ्याला दर काही किलोमीटरवर नवी नदी आणि तिच्यापलीकडे नवा डोंगर लागतो. अडवणाऱ्याने पूल उडवायचे, पलीकडच्या उतारावर मशीनगन लावायच्या, वाटेत सुरुंग पेरायचे आणि जागा राखणं महाग पडू लागलं की रात्रीतून पुढच्या नदीमागे सरकायचं. अशा संरक्षण फळ्यांतली सगळ्यात मजबूत म्हणजे रोमच्या दक्षिणेची गुस्ताव्ह रेषा. तिच्यावरच्या मोंते कासिनो या डोंगरासाठी जानेवारी ते मे १९४४ मध्ये चार लढाया झाल्या. भारताची चौथी डिव्हिजनही तिथे लढली. रोम पडलं ते ४ जून १९४४ रोजी.

हे सेनापती म्हणून त्याचं खरं कौशल्य होतं आणि त्याच्याशी लढलेल्यांनीही ते मान्य केलं आहे. खटल्याचं मूळही याच डावपेचात आहे. आकाश दोस्तांच्या विमानांच्या ताब्यात असल्यामुळे जर्मन सैन्याला हालचाल रात्रीच करावी लागे, तीही मोजक्या घाटरस्त्यांवरून. त्याच डोंगरांत पार्टिझन होते. पार्टिझन म्हणजे जर्मनांविरुद्ध आणि मुसोलिनीच्या उरलेल्या राजवटीविरुद्ध गनिमी काव्याने लढणारे स्थानिक लोक. ते टेलिफोनच्या तारा तोडत, पूल उडवत, एकटदुकट वाहनं गाठून सैनिक मारत. हळूहळू मागे सरकण्याचा डाव टिकवायचा तर हे रस्ते मोकळे हवेत, अशी केसेलरिंगची अडचण होती.

त्या उन्हाळ्यातल्या पाठलागात मराठा लाईट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले आणि ती ठप्प करून तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक उभं राहिलं. ज्या जर्मन सैन्यावर ते चालून गेले, त्याचा त्या वेळचा सरसेनापती केसेलरिंग होता.

## पहिला आरोप: आर्देआतिनेच्या गुहा

२३ मार्च १९४४ रोजी रोमच्या व्हिया राझेल्ला या रस्त्यावर पार्टिझनांनी बॉम्ब उडवला. जर्मन पोलीस रेजिमेंटचे ३३ जण मेले. हिटलरच्या मुख्यालयाशी बोलणी झाली आणि ठरलं की एका जर्मनामागे १० इटालियन मारायचे, तेही २४ तासांत. आदेश केसेलरिंगच्या मुख्यालयातून १४व्या आर्मीचा सेनापती माकेन्सेनकडे, तिथून रोमचा लष्करी प्रमुख मेल्त्सरकडे आणि शेवटी सुरक्षा पोलिसांच्या काप्लरकडे गेला.

फाशीची शिक्षा झालेले कैदी काप्लरकडे पुरेसे आहेत, तेवढेच मारले जातील, असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असा केसेलरिंगचा बचाव होता. प्रत्यक्षात असे कैदी मोजकेच होते. आकडा भरायला नुसत्या संशयावरून धरलेले, चौकशीही न झालेले लोक घेतले, सुमारे ७५ ज्यू घेतले. २४ मार्चला त्यांना शहराबाहेरच्या आर्देआतिने रस्त्यालगतच्या जुन्या खाणींत नेलं. हात मागे बांधलेले, पाच-पाच जणांना आत न्यायचं आणि मानेत गोळी घालायची. हिशेबाने ३३० व्हायचे होते. मेले ३३५. जास्तीचे पाच यादीच्या घोळात आले होते आणि त्यांनी सगळं पाहिलंय म्हणून त्यांनाही सोडलं नाही. मग सुरुंग लावून गुहांची तोंडं बुजवली.

‘बॉम्ब ठेवणारे शरण आले असते तर हे टळलं असतं’ असं इटलीत अजून ऐकू येतं. ते खरं नाही. जर्मनांचं पत्रक लोकांपर्यंत पोचलं तोवर हत्याकांड उरकलं होतं. शरण या, असं आधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

## दुसरा आरोप: जून-जुलैचे आदेश

पहिल्या आरोपात केसेलरिंग साखळीतला एक दुवा होता. दुसऱ्या आरोपात सुरुवातच त्याच्यापासून होते, म्हणून माझ्या मते खटल्याचा गाभा इथे आहे.

१७ जून १९४४ च्या आदेशात त्याने लिहिलं की पार्टिझनांविरुद्ध सगळी साधनं वापरा आणि अत्यंत कठोरपणे वागा. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. साधनं निवडताना आणि कठोरपणात जो कमांडर आपल्या नेहमीच्या संयमाच्या पलीकडे जाईल, त्याला मी संरक्षण देईन, असं त्यात म्हटलं होतं. काहीच न करण्यापेक्षा पद्धत निवडताना झालेली चूक बरी, असंही त्याने जोडलं. १ जुलैच्या आदेशाने तपशील भरले: पार्टिझन जास्त असलेल्या भागातल्या पुरुषांपैकी काहींना आधीच पकडून ठेवा आणि हल्ला झाला की त्यांना गोळ्या घाला, ज्या गावातून गोळीबार होईल ते गाव जाळा, म्होरक्यांना सगळ्यांसमोर फाशी द्या.

सैन्यात अशा वाक्याचा अर्थ काय होतो? एखाद्या ठेकेदाराने मुकादमाला सांगितलं की काम महिनाअखेर उरकायचंच, आणि साइटवर कुणाचं काही बरंवाईट झालं तर पोलिसांचं मी बघतो. त्याने कुणाला ढकलून दिलेलं नाही, पण पट्टा आणि जाळी लावायचं जे कारण मुकादमाला होतं, ते त्याने काढून घेतलं. सैनिकाच्या हातात बंदूक असते आणि त्याला आवरतं ते शिक्षेचं भय. केसेलरिंगने लेखी हमी देऊन ते भय उठवलं.

पुढचे महिने पाहा. १२ ऑगस्टला सांतआन्ना दी स्ताझेमा या डोंगरी वस्तीत एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, तुकड्यांनी पाचशेहून अधिक लोक मारले. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते, सगळ्यात लहान मुलगी वीस दिवसांची. सप्टेंबरच्या अखेरीस बोलोन्याजवळ मार्झाबोत्तो आणि मोंते सोलेच्या गावांत सातशेहून अधिक बळी गेले, त्यांत दोनशेहून अधिक मुलं होती. खुद्द मुसोलिनीने तक्रारी केल्या तेव्हा सप्टेंबरमध्ये केसेलरिंगने आवरतं घ्यायला सांगणारा आदेश काढला. त्याच्या वकिलांनी हा कागद बचाव म्हणून मांडला. मला तो उलट बोलका वाटतो: खाली काय चाललंय हे त्याला कळत होतं आणि आदेशाने ते बदलता येतं हेही ठाऊक होतं. आणि मोंते सोले त्यानंतर घडलं.

## न्यायालयाने काय ठरवलं?

युद्ध संपताना केसेलरिंग पश्चिम आघाडीवर होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याची मोटार रस्त्यावर नेल्या जात असलेल्या तोफेवर आदळली आणि डोक्याला मोठी दुखापत झाली. बरा होऊन तो परतला, मार्च १९४५ मध्ये त्याची बदली झाली आणि मे महिन्यात ऑस्ट्रियातल्या झालफेल्डन इथे तो अमेरिकनांच्या हाती लागला.

खटला १७ फेब्रुवारी ते ६ मे १९४७ चालला. दोन्ही आरोपांत तो दोषी ठरला आणि गोळ्या घालून मृत्युदंडाची शिक्षा झाली. ब्रिटिश लष्करी न्यायालयं फक्त निकाल सांगत, कारणं लिहून देत नसत. त्यामुळे कोणत्या मुद्द्यावर न्यायाधीशांचं मन पक्कं झालं यावर कायद्याचे अभ्यासक आजही वाद घालतात.

जपानी जनरल यामाशिताच्या खटल्याशी याची गल्लत होते. फिलिपिन्समधल्या अत्याचारांपासून आपल्या सैन्याला आवरलं नाही म्हणून यामाशिताला फेब्रुवारी १९४६ मध्ये फाशी झाली. याला सेनापतीची जबाबदारी म्हणतात: सैन्यावर तुमचा ताबा होता, गुन्हे घडताहेत हे ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं, आणि तरी ते रोखले नाहीत वा शिक्षा केली नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात हे आता कलम २८ आहे. केसेलरिंग त्याच्या पुढे गेला होता. त्याने दुर्लक्ष केलं एवढंच नव्हतं, आदेश काढून चिथावणी दिली असा आरोप होता.

## ‘पण त्याने वरून आलेला हुकूम पाळला!’

नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्ग न्यायालयाच्या सनदेने १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की वरिष्ठांचा हुकूम असल्यामुळे कुणी सुटत नाही, फार तर शिक्षा सौम्य होते. इटलीतल्याच दोस्टलर या जर्मन जनरलने मार्च १९४४ मध्ये गणवेशातल्या १५ अमेरिकन सैनिकांना पकडल्यानंतर गोळ्या घालायला लावल्या. हिटलरचा तसा हुकूम आहे, हाच त्याचा बचाव होता. तो फेटाळून अमेरिकनांनी १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घातल्या. शिवाय १७ जूनच्या आदेशातलं ‘मी संरक्षण देईन’ हे वचन केसेलरिंगने स्वतःच्या नावाने दिलं होतं.

## ‘तेव्हा ओलीस मारणं कायदेशीर होतं ना?’

हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. प्रतिशोधात्मक कारवाई ही युद्धाच्या कायद्यातली जुनी कल्पना होती. शत्रूने नियम मोडला तर त्याला ताळ्यावर आणण्यासाठी तुम्हीही तेवढ्यापुरता नियम मोडायचा. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्याच एका अमेरिकी न्यायाधिकरणाने म्हटलं की अगदी टोकाच्या परिस्थितीत, कडक अटींखाली, ओलिसांना मारणं कायद्यात बसू शकतं. म्हणजे १९४४ मध्ये कायदा पूर्ण स्पष्ट नव्हता.

पण १९०७ च्या हेग नियमांचं ५०वं कलम तेव्हाही होतं. काही जणांच्या कृत्याबद्दल सगळ्या वस्तीला शिक्षा करायला त्यात बंदी आहे. अटी मानल्या तरी त्या इथे पाळल्या गेल्या नव्हत्या: खऱ्या आरोपींचा आधी शोध घेतला नाही, बळींचा हल्ल्याशी संबंध नव्हता, ठरवलेल्या आकड्याहून जास्त मारले. आणि वीस दिवसांचं मूल कुठल्याच कलमात बसत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने हा दरवाजा बंद केला. कलम ३३ ने नागरिकांविरुद्धची प्रतिशोधात्मक कारवाई आणि सामूहिक शिक्षा, तर कलम ३४ ने ओलीस धरणंच बेकायदा ठरवलं.

## ‘रोम आणि फ्लॉरेन्स त्याने वाचवलं’

रोम न लढता सोडलं, हे खरं. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवरचे सगळे पूल उडवले, फक्त पोंते व्हेक्कियो ठेवला, आणि त्याच्या दोन्ही टोकांची जुनी घरं पाडून रस्ता बुजवला. नेपल्स सोडताना बंदर आणि पाणीपुरवठा उद्ध्वस्त केला. शहरापासून दूर सुरक्षित ठेवलेली ऐतिहासिक दप्तरं जर्मन सैनिकांनी ३० सप्टेंबर १९४३ रोजी जाळली. शतकांचा दस्तऐवज एका दिवसात राख झाला. रोमच्या दक्षिणेचे पोंतीनो पाणथळ प्रदेश पुन्हा पाण्याखाली घातले, त्यानंतर तिथे मलेरिया उसळला.

## मग तो जगला कसा?

काळ त्याच्या बाजूने फिरला. विरोधी पक्षनेते चर्चिल आणि इटलीत त्याच्याशी लढलेले फील्ड मार्शल अलेक्झांडर, दोघांनीही मृत्युदंडाला विरोध केला. जुलै १९४७ मध्ये ब्रिटिश सेनापती जनरल हार्डिंग यांनी शिक्षा जन्मठेपेवर आणली. पुढे ती २१ वर्षांवर आली. तोवर शीतयुद्ध पेटलं होतं. पश्चिम जर्मनीने पुन्हा सैन्य उभारावं अशी अमेरिका-ब्रिटनची गरज होती, आणि आमचे अधिकारी तुरुंगात असताना आम्ही तुमच्या बाजूने कसे लढायचे, हा सवाल जर्मनीत उघड विचारला जात होता. घशाच्या कर्करोगाचं कारण दाखवून ऑक्टोबर १९५२ मध्ये त्याला वेर्लच्या तुरुंगातून सोडलं. त्यानंतर तो माजी सैनिकांच्या श्टालहेल्म संघटनेचा अध्यक्ष झाला आणि जुलै १९६० मध्ये बाड नाउहाइम इथे मेला.

सैन्य शूर आणि स्वच्छ होतं, घाण काम फक्त एसएसने केलं, ही समजूत याच वर्षांत रुजली. केसेलरिंगचे आदेश वाचले की ती टिकत नाही.

बळींच्या फायलींचं काय झालं, हे तर आणखी चीड आणणारं आहे. १९९४ मध्ये रोमच्या लष्करी सरकारी वकिलांच्या इमारतीत एक लाकडी कपाट सापडलं, दारं भिंतीकडे करून ठेवलेलं. आत हत्याकांडांच्या तपासाच्या ६९५ फायली होत्या. जर्मनीला दुखवायचं नाही म्हणून त्या कित्येक दशकं दडपून ठेवल्या होत्या. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या खटल्यात २००५ साली ला स्पेझियाच्या लष्करी न्यायालयाने सांतआन्नाबद्दल दहा माजी एसएस सैनिकांना गैरहजेरीत जन्मठेप दिली. जर्मनीने त्यांना इटलीच्या हवाली केलं नाही. २०१२ मध्ये श्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी आपला तपास बंद केला. त्या दिवशी कुणी नेमकं काय केलं हे एकेका सैनिकाबाबत सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी कारण दिलं. ज्याच्याविरुद्ध असा पुरावा त्याच्याच आदेशांच्या रूपाने उपलब्ध होता, तो फील्ड मार्शल शिक्षेनंतर साडेपाच वर्षांत घरी गेला होता.